नावेतला हत्ती

आपल्यापैकी पुष्कळांनी अजिंठ्याची लेणी पाहिली असतील. शिक्षक मंडळी तर मुलांची सहल घेऊन तिकडे जातातच. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे २०२३ पर्यंत आपण ज्याला औरंगाबाद म्हणत होतो ते शहर, तिथून शंभर किलोमीटरच्या आसपास रस्ता. आता पुन्हा कधी गेलात तर सतराव्या लेण्यात उजव्या हाताच्या भिंतीपाशी जरा थांबा. सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची कथा तिथे रंगवलेली आहे. हा सिंहल समुद्रात बुडता बुडता वाचला, राक्षसिणींच्या तावडीतून सुटला, आणि पुढे राजा होऊन सैन्यासह त्या बेटावर चालून गेला. त्या स्वारीच्या चित्रात नावा आहेत, आणि नावांत माणसांबरोबर घोडे आहेत, हत्ती आहेत. हत्ती चांगले उभे आहेत, नावा चांगल्या तरंगत आहेत.

एकदा मुलांना हे चित्र दाखवत असताना एका मुलीने मला विचारले, “गुरुजी, खडा टाकला तर बुडतो. मग हत्ती कसा बुडत नाही?” मी तिला म्हटले, “अगं, हत्ती नावेत आहे ना!” ती म्हणाली, “नाव पण जडच असेल की.” मला त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही. लाकूड हलके असते, वगैरे काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली. लाकूड हलके असते हे खरे, पण मुंबईच्या गोदीत बांधल्या जाणाऱ्या जहाजांत लाकूड कुठे असते? ती सगळी पोलादाची. आणि पोलाद पाण्याच्या जवळजवळ आठपट जड. तेव्हा त्या मुलीचा प्रश्न तसाच उरला. आज त्याचेच उत्तर देण्याचा विचार आहे. हे उत्तर आपल्या मुलुखाच्या इतिहासातच सापडते, ही त्यातली मौज.

पण आधी एक शंका. अजिंठ्यापासून समुद्र शंभर कोस तरी दूर. या डोंगरात बसून चित्र काढणाऱ्याने जहाज पाहिले कुठे? दुसऱ्या लेण्यातले जहाज तर फारच बारकाईने काढलेले आहे. त्याला तीन डोलकाठ्या, उंच शिडे, सुकाणूची वल्ही, नाळीवर रंगवलेले डोळे, आणि आत ओळीने मांडलेले मोठमोठे रांजण. ती पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची कथा. पूर्ण पुढे भिक्षू झाला आणि समुद्रावर संकटात सापडलेल्या आपल्या भावाचे चंदनाने भरलेले जहाज त्याने वाचवले, असे ती सांगते. हा पूर्ण कुठला? शूर्पारकाचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा. ही चित्रे पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली. पण त्याच्याही आधी चार-पाचशे वर्षांपासून आपला हा भाग समुद्राशी जोडलेला होता.

पैठण ही सातवाहनांची राजधानी. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक दर्यावर्दी माणसाने हिंदी महासागरातल्या व्यापाराची एक माहितीपुस्तिका लिहून ठेवली. तिच्यात पैठण आहे आणि तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले तेर, तेही आहे. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तेर, असा त्याने हिशेब दिला आहे. पैठणहून अकीकासारखे रंगीत दगड आणि तेरहून कापड गाड्यांत भरून, वाट नसलेल्या मुलुखातून भडोचच्या बंदरात नेत, असे तो लिहितो. सातवाहनांच्या शिशाच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज आहे. ती नाणी बहुतेक पूर्वेकडच्या किनाऱ्याला सापडली. तेव्हा अजिंठ्याच्या चित्रकाराला जहाज नवे नव्हते. त्याने स्वतः पाहिले नसेल तर पाहिलेल्याच्या तोंडून ऐकले असेल. लेण्यांसाठी दानधर्म करणाऱ्यांत व्यापारी होतेच.

आता त्या गाडीचा आणि जहाजाचा विचार करा. बैलगाडीत दहा-बारा पोती भरली की बैल मेटाकुटीला येतात, चढाला गाडीवान खाली उतरतो. कारण सगळे ओझे आसावर, चाकांवर आणि जमिनीवर येते. चाक रुतते, घासते. त्याच पोत्यांची नाव एक माणूस वल्ह्याने सरकवतो. ओझे कमी झाले का? मुळीच नाही. ओझे उचलायला दुसरे कोणीतरी आले. ते दुसरे कोण, हाच आजचा प्रश्न.

विहिरीवर पोहऱ्याने पाणी काढणाऱ्यांना याचे उत्तर हातांनी ठाऊक आहे, बरं का! पोहरा विहिरीत सोडला, तो भरला, बुडाला. आता दोर ओढा. पोहरा पाण्याच्या आत आहे तोवर हाताला जवळजवळ काहीच लागत नाही, अगदी पोरगेसुद्धा ओढील. पण पोहऱ्याचा काठ पाण्याबाहेर आला की दोर एकदम ताणतो, हात खाली खेचला जातो. पाणी तेवढेच, पोहरा तोच. मग एवढा वेळ त्याचे वजन कोण धरून होते? विहिरीतले पाणी. पाण्याखाली जी वस्तू असते तिला पाणी खालून वर रेटते. पाणी जितके खोल तितका त्याचा दाब जास्त. वस्तूच्या बुडाशी दाब जास्त आणि माथ्याशी कमी, म्हणून एकूण रेटा वरच्या दिशेने.

हा रेटा किती, याचा नेमका हिशेब प्रथम लिहून ठेवला तो आर्किमिडीजने. सिसिली बेटावर सिराक्यूज नावाचे शहर होते, तिथला हा गणिती. काळ इसवी सनापूर्वी सुमारे २८७ ते २१२. राजाच्या मुकुटात सोनाराने लबाडी केली का हे शोधताना तो न्हाणीतून उघडाच रस्त्यावर धावला, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असते. ती त्याच्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी एका रोमन लेखकाने लिहिली, तेव्हा ती कितपत खरी मानायची हे ज्याचे त्याने ठरवावे. पण तरंगणाऱ्या वस्तूंविषयी त्याने लिहिलेला ग्रंथ मात्र खरा आहे, आजही तो वाचायला मिळतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: वस्तू पाण्यात शिरताना जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका रेटा तिला वर मिळतो. बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन वस्तूच्या वजनाएवढे झाले, की वस्तू आणखी खाली जात नाही. तिथेच ती तरंगते.

आता आपल्या गुऱ्हाळातली काहील घ्या. गूळ कढवायची ती लोखंडी, सपाट बुडाची, पसरट काहील. नदीला पूर आला, पूल नाही, नाव नाही, अशा वेळी काहिलीत बसून लोक पैलतीर गाठतात, हे नदीकाठच्या गावांना सांगायला नको. खिळा पाण्यात टाका, बुडेल. त्याच लोखंडाची काहील, तीत चार माणसे बसली तरी तरंगते. लोखंड बदलले नाही. त्याचा आकार बदलला. खिळा स्वतःएवढ्या जागेतलेच पाणी बाजूला सारतो, आणि ते पाणी त्याच्या आठव्या हिश्श्याएवढेच वजनाचे. काहील मात्र आपल्या पोकळ पोटाने कितीतरी पाणी सारू शकते.

आकड्यांत पाहू. एक घनमीटर गोड्या पाण्याचे वजन एक हजार किलो, हे शिक्षकांना माहीत आहेच. समजा काहिलीचे वजन दीडशे किलो आणि बुडाचा व्यास दोन मीटर. दीडशे किलो पाणी सारायला ती पाच सेंटीमीटरच बुडावी लागते. तीत पाच माणसे बसली, प्रत्येकी साठ किलोंची, म्हणजे आणखी तीनशे किलो; आता ती सुमारे चौदा सेंटीमीटर बुडेल. काहिलीचा काठ पंचेचाळीस सेंटीमीटर उंच असला तर हिशेबाने तीत वीस माणसे बसवली तरी ती तरंगायला हवी. तुम्ही म्हणाल, मग काहीलवाला चार-पाचांवर एकालाही का घेत नाही? त्याचे कारण आहे, आणि ते मोठे आहे. त्याच्याकडे पुढे येऊ.

आधी हत्तीकडे जाऊ. भीमा आणि इंद्रायणी यांच्या संगमावर, पुणे जिल्ह्यात, तुळापूर हे गाव आहे. छत्रपती संभाजी महाराजांचा १६८९ साली जिथे अंत झाला ते ठिकाण म्हणून तुळापूर महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्याच राजांचे नाव आज आपल्या शहराला आहे. परंतु या गावाला तुळापूर हे नाव त्याच्याही आधी छप्पन्न वर्षे पडले. पूर्वी त्याचे नाव नांगरगाव होते. १६३३ साली विजापूरच्या आदिलशाहीचा मंत्री मुरार जगदेव याने तिथे तुला केली. हेच ते वर्ष, ज्या वर्षी आपल्या शेजारचा दौलताबादचा किल्ला मोगलांनी निजामशाहीकडून घेतला. मुरार जगदेव आणि शहाजीराजे त्या धामधुमीत होतेच. अशा गडबडीच्या काळात ग्रहणाच्या पर्वावर संगमावर येऊन मुरारपंताने दान केले, असे सांगतात.

तुला म्हणजे एका पारड्यात माणूस बसवायचा, दुसऱ्यात सोने, रुपे, धान्य घालायचे आणि भारंभार झाले की ते दान करायचे. माणसाची तुला करायला मोठा तराजू पुरतो. पण मुरारपंताच्या मनात आले की हत्तीचीही तुला व्हावी. झाली पंचाईत! हत्तीला पेलणारा तराजू आणायचा कुठून? दांडी कशाची करायची, साखळी कशाची, ती टांगायची कशाला? परंपरा असे सांगते, की तेव्हा शहाजीराजांनी तोड सुचवली. हत्तीला नावेत चढवा. नाव जिथवर बुडेल तिथे तिच्या अंगावर खूण करा. हत्ती उतरवा, आणि नाव पुन्हा त्या खुणेपर्यंत बुडेल इतके दगड तीत भरा. मग एकेक दगड बाहेर काढून तोला. त्या सगळ्यांची बेरीज म्हणजे हत्तीचे वजन.

किती सरळ गोष्ट! नदीलाच तराजू केले. नाव खुणेपर्यंत बुडली म्हणजे तिने ठराविक पाणी बाजूला सारले. ते पाणी हत्तीने सारले काय आणि दगडांनी सारले काय, पाण्याला त्याचे काही नाही. आर्किमिडीजचे नाव त्या संगमावर कोणी ऐकले असेल असे वाटत नाही. पण त्याचा नियम मात्र तिथे बिनचूक वापरला गेला.

ही गोष्ट वाचताना एक कबुली देणे बरे. अशीच कथा चीनमध्येही आहे. तिसऱ्या शतकातल्या एका चिनी इतिहासग्रंथात त्साओ चोंग नावाच्या मुलाची हकीकत येते. त्याच्या बापाला भेट म्हणून हत्ती आला, तो तोलायचा कसा हे दरबारातल्या थोरामोठ्यांना सुचेना, आणि या पोराने नाव आणि दगड यांचीच युक्ती सांगितली. म्हणून काही जण म्हणतात, आपली गोष्ट तिकडूनच फिरत आली असावी. मला ते तितकेसे पटत नाही. नदीकाठच्या माणसाला नाव भरताना ती किती खाली जाते हे रोज दिसते. माल चढला की नाव बसते, उतरला की उठते. त्यातून ही युक्ती दोन ठिकाणी दोन माणसांना सुचणे अवघड नाही. शिवाय तुळापूर हे नाव गावाला चिकटून आहे, ते काही चीनहून आलेले नाही.

शहाजीराजांच्या त्या नावेचा जरा हिशेब करून बघू. मुलांना हा हिशेब फार आवडतो. समजा हत्ती चार हजार किलोंचा, आणि नाव दहा मीटर लांब, तीन मीटर रुंद, सपाट बुडाची. हत्ती चढल्यावर तिला चार घनमीटर पाणी आणखी सारावे लागेल. लांबी-रुंदीचा गुणाकार तीस चौरस मीटर. चार भागिले तीस, म्हणजे नाव तेरा सेंटीमीटर खाली जाईल. सुमारे सात बोटे! एवढा मोठा हत्ती, आणि नाव खचते फक्त सात बोटे. आता खूण करणाऱ्याने एका बोटाची चूक केली तर? तर वजनात जवळजवळ सहाशे किलोंची चूक. रुप्याचे दान करायचे तर सहाशे किलो रुपे जास्त गेले, किंवा ब्राह्मणांना तेवढे कमी मिळाले! म्हणून खूण एका बाजूला करून भागत नाही. नाव कलती असेल तर एका अंगाला जास्त बुडते, दुसऱ्या अंगाला कमी. नाळीला, पाठीमागे, दोन्ही कुशींना खुणा करायला हव्यात, पाणी संथ हवे, आणि हत्ती ऐन मध्यभागी उभा हवा.

कोणी म्हणेल, नाव अरुंद घ्यावी. म्हणजे ती जास्त खाली जाईल आणि वजन नेमके कळेल. खरे आहे. पण अरुंद नावेत हत्तीने नुसती सोंड एकीकडून दुसरीकडे केली आणि एक पाय सरकवला, तर नाव उलटायची. हत्तीला त्याचे काही नाही, तो उत्तम पोहतो. माहुताचे आणि खूण करणाऱ्याचे काय व्हायचे ते व्हायचे.

म्हणजे तरंगण्याचे प्रश्न दोन आहेत. पहिला, पाणी वजन उचलील का? दुसरा, नाव सरळ उभी राहील का? पहिल्याचे उत्तर आर्किमिडीजच्या हिशेबाने मिळते. लोकांचे जीव जातात ते मात्र बहुतेक वेळा दुसऱ्यापायी.

पहिल्या प्रश्नावरही लोकांचा विश्वास बसायला फार दिवस लागले, हेही सांगायला हवे. लाकूड तरंगते हे डोळ्यांना दिसते, म्हणून हजारो वर्षे जहाजे लाकडाचीच झाली. आपल्या कोकण किनाऱ्यावर शिवाजी महाराजांच्या आरमारातली गलबते लाकडाची. ती पाण्यात थोडीच बुडत, म्हणून उथळ खाड्यांत शिरत, जिथे इंग्रजांची मोठी जहाजे जाऊ शकत नसत. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातले कसबी कारागीर सागवानाची जहाजे बांधीत. त्यांनी १८१७ मध्ये बांधलेले ‘त्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूल या गावी आजही जपून ठेवलेले आहे, आणि ते पाण्यावर तरंगते आहे. दोनशे वर्षांहून जास्त झाली, सागवानाची ही करामत बघा.

लोखंडाची नाव मात्र लोकांना वेडेपणा वाटे. इंग्लंडमध्ये जॉन विल्किन्सन नावाचा लोखंडाचा कारखानदार होता. त्याने १७८७ साली लोखंडी पत्र्याची एक नाव बांधली आणि सेव्हर्न नदीत सोडली. ती तरंगली. लोखंड पाण्यावर तरंगेल हे पुष्कळांना खरेच वाटत नव्हते. आपल्याकडच्या गुऱ्हाळातली काहील त्यांनी पाहिली असती तर इतके नवल वाटले नसते!

आता आजचे जहाज घ्या. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली ‘विशाखापट्टणम’ ही युद्धनौका २०२१ च्या नोव्हेंबरात नौदलात दाखल झाली. लांबी १६३ मीटर, वजन सुमारे ७,४०० टन. ही नौका समुद्रात उभी असते तेव्हा ती बरोबर ७,४०० टन समुद्राचे पाणी बाजूला सारून उभी असते. हे पाणी किती? आपल्या शिवारातली सहा मीटर व्यासाची, पंधरा मीटर खोल विहीर काठोकाठ भरलेली धरा. अशा सतरा विहिरी. सतरा विहिरींचे पाणी जिथे होते तिथे आता पोलादी पोट आहे, आणि त्या पोटात बहुतेक जागा पोकळ आहे. खोल्या, जिने, इंजिनांच्या जागा. पोलाद आणि हवा मिळून त्या पोटाचे सरासरी वजन पाण्याएवढेच भरते. तळाला मोठे भोक पडले आणि हवेच्या जागी पाणी आले, की हिशेब फिरतो. म्हणून जहाजाचे पोट आडव्या भिंतींनी निरनिराळ्या कप्प्यांत तोडलेले असते. एक कप्पा भरला तरी बाकीचे धरून ठेवतात.

समुद्राचे पाणी म्हटले म्हणून एक गोष्ट. समुद्राच्या एक घनमीटर पाण्याचे वजन हजार किलो नसते, मिठामुळे ते सुमारे १,०२५ किलो असते. तेव्हा समुद्रात तेवढेच वजन तोलायला थोडे कमी पाणी पुरते. आठ मीटर बुडणारे जहाज समुद्रातून गोड्या पाण्याच्या नदीत शिरले तर ते वीस सेंटीमीटर तरी आणखी खाली बसते, एक पोते जास्त न चढवता! हे ध्यानात न घेता जहाज भरले तर ते तळाला टेकायचे. मालाच्या मोठ्या जहाजांच्या कुशीवर एक वर्तुळ आणि त्याला छेदणारी आडवी रेघ रंगवलेली असते, शेजारी शिडीसारख्या आणखी रेघा असतात; गोड्या पाण्यासाठी वेगळी, उन्हाळ्यासाठी वेगळी, हिवाळ्यासाठी वेगळी. त्या रेघेच्या वर पाणी आले तर जहाजाने बंदर सोडायचे नाही. शहाजीराजांच्या नावेवरची खूण हत्तीचे वजन काढायला होती. ही खूण खलाशांचे प्राण राखायला आहे. ही रेघ इंग्लंडमध्ये १८७६ च्या कायद्याने सक्तीची झाली. पार्लमेंटमधला सॅम्युएल प्लिम्सॉल नावाचा सभासद तिच्यासाठी वर्षानुवर्षे भांडला. जहाजाचे मालक जुनी जहाजे वाटेल तशी भरीत; बुडाले तर विम्याचे पैसे त्यांना मिळत, आणि खलाशी मात्र जिवानिशी जात. इंग्रज खलाशी अजूनही त्या रेघेला त्याच्याच नावाने ओळखतात.

आता काहीलवाल्याचे कारण. तो वीस माणसे का घेत नाही?

आपली काहील स्थिर असते, तेव्हा तिच्या सगळ्या वजनाचा मध्य आणि पाण्याच्या रेट्याचा मध्य एका सरळ उभ्या रेषेत असतात. ती जरा उजवीकडे कलली, की उजवीकडचा भाग जास्त बुडतो, तिकडे पाण्याचा रेटा वाढतो आणि तो तिला पुन्हा सरळ करतो. बूड जितके रुंद तितका हा परत आणणारा रेटा जोरदार. पण वजन उंचावर गेले, म्हणजे माणसे उभी राहिली, किंवा सगळी एका बाजूला सरकली, तर पाणी तिला परत आणण्याऐवजी वजनच तिला आणखी कलवते. एकदा काठ पाण्याखाली गेला की आत पाणी शिरते. मग आर्किमिडीजसुद्धा उपयोगाचा नाही. शिडाच्या जहाजांत कोकणचे दर्यावर्दी रिकाम्या फेरीला तळात दगड, वाळू भरतात. त्याला ते नीरम म्हणतात. तरंगायला धडपडणाऱ्या जहाजात मुद्दाम दगड भरायचे, हे ऐकायला चमत्कारिक वाटते. पण वजनाचा मध्य खाली ठेवायचा तो असा.

महाराष्ट्राने याची फार मोठी किंमत मोजली आहे. १७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला चार आठवडे राहिले होते. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून ‘रामदास’ बोट सकाळी रेवसला निघाली. आषाढाची अमावस्या तोंडावर आलेली, कोकणातले चाकरमानी घरी निघालेले; बोटीत सातशेच्या आसपास माणसे. पावसाळी वारा आणि लाटा यांनी बोट काश्याच्या खडकाजवळ एका अंगावर कलली. वाचलेल्यांनी नंतर सांगितलेली हकीकत अशी, की माणसे घाबरून एकाच बाजूला लोटली गेली आणि बोट पाहता पाहता उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. जे वाचले त्यातले काही पोहून किनाऱ्याला लागले, आणि तोवर मुंबईला याची बातमीही नव्हती.

लक्षात घ्या, ‘रामदास’ बोट वजन पेलत नव्हती म्हणून बुडाली नाही. ती धक्क्यावरून निघाली, तरंगत निघाली, बरेच अंतर काटले. पाणी तिला उचलायला तयार होते. तिचा तोल गेला. अलिबाग, रेवस भागात ही आठवण घराघरांत आहे. आपल्या गंगथडीला, धरणांच्या फुगवट्यावर, लग्नाच्या वऱ्हाडाची किंवा जत्रेची माणसे एका नावेत भरली जातात तेव्हा नाववाला ओरडतो, “खाली बसा, हलू नका, एका बाजूला जाऊ नका.” तो उगाच ओरडत नाही. त्याला काठापर्यंत किती बोटे उरली आहेत ते दिसत असते.

तर त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मी आता असे देतो: हत्ती बुडत नाही, कारण नाव त्याच्याएवढे आणि स्वतःएवढे पाणी बाजूला सारून बसली आहे, आणि तो मध्ये उभा आहे. ती मुलगी आता शाळेत नाही. उत्तर द्यायला मला जरा उशीर झाला.

शिक्षकांनी मात्र वर्गात उशीर करू नये. तुळापूरचा प्रयोग शाळेच्या हौदावर करता येतो. एक रुंद घमेले घ्या, हौदात तरंगत ठेवा. त्यात काशीफळ ठेवा, ऐन मध्यावर. पाणी संथ झाले की घमेल्याच्या बाहेरून चार बाजूंना खडूने नव्हे, कारण खडू पुसतो, तेलरंगाने किंवा चिकटपट्टीने खुणा करा. काशीफळ काढा. आता मुलांना मैदानातले खडे आणायला पाठवा आणि चारही खुणा पाण्याला लागेपर्यंत खडे भरा. मग ते खडे दुकानदाराच्या काट्यावर तोला, आणि काशीफळही तोला. पहिल्या खेपेला दोन्ही आकडे जुळणार नाहीत. कुठे चुकले ते मुलांनाच शोधू द्या. कोणीतरी म्हणेल की घमेले कलले होते, कोणी म्हणेल की पट्टी वर लागली. दुसऱ्या खेपेला जवळ येतील. अजिंठ्याची सहल असेल तर हा प्रयोग आदल्या दिवशी करा, म्हणजे सतराव्या लेण्यात पोरे त्या हत्तींपुढे जरा जास्त वेळ उभी राहतील.